कातर उलटी टांगली होती

माझी नात रागिणी, हिची वागणूक बरी नाही. हे मी तिच्या तोंडावर बोलते, तिच्या बापासमोर बोलते, आणि कळमनुरीच्या बाजारात कोणी विचारलं नाही तरी बोलते. जूनमध्ये अकरावीला गेली आणि जुलैपासून घरात मागच्या दारानं येऊन राहिली. पुढच्या दारापाशी आमच्या मेंढरांचं वाडगं आहे. साठ मेंढरं, चार शेरडं. तिच्या आज्यानं, लिंबाजीनं, ते दाराला लागूनच बांधलं, म्हणजे लांडगा आला तर आधी माणसाला कळावं. आता लांडगे राहिले नाहीत, लिंबाजीही राहिला नाही, आणि नातीला वास यायला लागला.

सोळा वर्षं त्याच वासात वाढली. आता दप्तर पॉलिथिनमध्ये गुंडाळून खुंटीला टांगते. सकाळी निघताना अंगावर काहीतरी फुस्स करून मारते, तेव्हा आमचा कुत्रा शिंकतो. एकदा दारात उभी राहून फोन डोळ्यापुढं धरला आणि मला म्हणाली, "आजी, तू जरा बाजूला हो, तू फोटोत येऊन राहिलीस." मी कोणाच्या फोटोत जाणारी बाई नाही. मी दारात बसले होते. दार माझं आहे.

हे सगळं तिचं डोकं नव्हे. तिला दोन मैत्रिणी मिळाल्या. एक अंजली, वारंगा फाट्यावर तिच्या बापाचं खताचं दुकान आहे. दुसरी नीता, तिचा बाप कुठल्याशा हापिसात बाबू आहे आणि ती ते विसरू देत नाही. तिघी वारंगा फाट्यावरून एकाच बसनं जातात. बसमध्ये एका बाजूला तीन माणसांची सीट असते. त्या सीटवर ह्या तिघी, खिडकीपाशी नीता. त्या सीटवर जागा मिळावी म्हणून माझ्या नातीनं सहा महिन्यांत काय काय सोडलं ते सांगते. शेळीच्या दुधाचा चहा सोडला. घोंगडी सोडली. बोलताना 'न्हाई' म्हणायचं सोडून 'नाही' म्हणायला लागली. आणि दर वाक्य 'नीता म्हणते' असं सुरू व्हायला लागलं. नीता म्हणते घोंगडीनं अंगाला खाज येते. नीता म्हणते वेणी म्हणजे गावठी. मी एकदा विचारलं, "नीता जेवते का?" तर म्हणाली, "नीता डाएट करते." मी म्हणलं, मग बराबर आहे, पोटात काही नसलं की माणूस बोलतच राहतं.

आता कातरीचं सांगते.

दिवाळीनंतर आमच्याकडं मेंढरं कातरतात. ओढ्यात धुवायची, दोन दिवस उन्हात वाळू द्यायची, मग एकेक आडवं पाडून पाय बांधायचे आणि मानेपासून मागं कातरत न्यायचं. लोकर एका अंगानं, सतरंजीसारखी सुटून यायला पाहिजे. पंचक्रोशीत माझ्यासारखा हात कोणाचा नाही. हे मी म्हणते म्हणून खरं आहे असं नाही, पण खरं आहे. माझ्या मुलाला, प्रभूला, हा हात आला नाही. तो कातरतो तर मेंढरू पंधरा दिवस तोंड लपवून फिरतं. हात आला तो रागिणीला. दहा वर्षांची होती तेव्हापासून माझ्यासोबत बसायची, मी पाय धरायची आणि ती कातरायची. सोडलेल्या गोष्टींमध्ये हेही एक. यंदा म्हणाली, "आजी, मला अभ्यास आहे." म्हणून निम्मी मेंढरं अजून कातरायची राहिली आहेत.

माझी कातर दाराच्या चौकटीच्या खिळ्याला टांगलेली असते. टोक खाली, मूठ वर. तीस वर्षं तशीच. मला विचारल्याशिवाय तिला कोणी हात लावत नाही, प्रभूसुद्धा नाही.

मंगळवारी दिवसभर मी रानात होते; बुधवारी सकाळी बघते तर कातर टोक वर करून टांगलेली. पुसून लख्ख केलेली. मी काढून उन्हात धरली. दोन पात्यांच्या मधे, जोडाच्या खिळ्यापाशी, एक केस अडकला होता. काळा, हातभर लांब. मेंढराला हातभर केस नसतो. माझे पांढरे आहेत. सून पंचफुलाचे विरळ.

मी कातर सरळ टांगली आणि घरातल्यांकडं बघत बसले.

रागिणी त्या दिवसापासून घरात स्कार्फ बांधून वावरायला लागली. पोरी गाडीवर बांधतात तसा, कपाळापासून मानेपर्यंत. जेवताना स्कार्फ. भांडी घासताना स्कार्फ. मी पंचफुलाला विचारलं, "पोरीचं डोकं दुखतं काय?"

"सर्दी हाये, आत्याबाई."

"सर्दी नाकाला होती. नाक तं उघडं हाये."

पंचफुला चुलीत फुंकर घालायला लागली. आमच्याकडं गॅस आहे. तेव्हा मला कळलं की पोरीच्या आईला माहीत आहे.

शुक्रवारी दुपारी अंजलीची आई, शिला, स्कूटी घेऊन थेट अंगणात आली. मागं अंजली, डोक्यावर ओढणी. शिला गाडीवरून उतरायच्या आधी बोलायला लागली होती.

"कुठं हाय तुमची रागिणी? बाहेर काढा तिला! माह्या लेकराचे केस कापले तिनं! कमरेइतके केस व्हते, मी बारा वर्षं तेल लावलं, बारा वर्षं!"

"बसा," मी म्हणलं.

"मी बसायला न्हाई आले, मावशी."

"मग उभ्यानं बोला. पण हळू. मेंढरं बुजतात."

प्रभू हळदीला पाणी देऊन नुकताच आला होता, पायाला चिखल. त्यानं ऐकलं आणि घरात गेला. रागिणीला दंडाला धरून बाहेर आणलं आणि एका हिसक्यात स्कार्फ ओढला.

शिलासुद्धा दोन पावलं मागं सरली, तेवढ्यावरून समजा.

पोरीच्या डोक्यावर केस होते, पण ते केस म्हणायचे कसे हा प्रश्न होता. कुठं बोटभर, कुठं चार बोटं, डाव्या कानामागं एक भोक पडल्यासारखं, आणि मानेवर शेपटासारखी एक बट लोंबत राहिलेली. पंचफुला दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

"माय," प्रभू मला म्हणाला. आवाज बारीक झाला होता त्याचा. "पुढच्या महिन्यात शिरड शहापूरला लगीन हाये. सगळी सोयरी येतील. कोन मेलं म्हून इचारतील लोक."

"सांग, कोनी न्हाई मेलं."

"कॉलेज बंद. सोमवारपासून मेंढरामागं जाईल. केस वाढले की पोरगा बगू."

रागिणीनं मान वर केली नाही. पण तिच्या हाताकडं माझं लक्ष होतं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून इतकं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. ह्या पोरीनं दहावीला गावात पहिला नंबर आणला होता. घोंगडी सोडली, चहा सोडला, पण पुस्तक सोडलं नव्हतं. पहाटे पाचला उठून वाचत बसायची, मी बघितलेलं आहे. मी तिसरीत असताना बाप मेंढरं घेऊन वाशिमकडं निघाला आणि मला सोबत घेऊन गेला. माझी शाळा तिथंच राहिली. कोणी केस कापले म्हणून नव्हे, मेंढरांमागं एक माणूस कमी होतं म्हणून.

"प्रभू, तू पाय धू," मी म्हणलं. "आन् ही पोरगी इकडं आण."

"कोणती?"

"दोन्ही."

आधी अंजलीला समोर बसवलं. ओढणी काढली. मानेवर बोट फिरवलं, कानामागं फिरवलं, केस वर करून खालची ओळ बघितली. शिला म्हणाली, "बगा, बगा काय केलं ते!"

मी बघत होते. खांद्याच्या वर, सगळीकडून एकसारखे. मानेपाशी ओळ अशी सरळ की वर पाणी ओतलं तर कोणत्याच बाजूला जाणार नाही. एका अंगानं सुटलेली कातरण.

"पोरी," मी अंजलीला विचारलं, "कापताना तुला आडवं पाडलं व्हतं का?"

अंजली म्हणाली, "हो."

"आन् पाय?"

"पाय... नीतानं धरले होते. रागिणी म्हणाली, हलायचं नाही, पाय धरावे लागतात."

शिलानं तोंडावर हात मारला. मला मात्र बरं वाटलं. कुठल्या बसच्या सीटवर बसली तरी पोरगी कातरायची रीत विसरली नव्हती.

मग रागिणीला बसवलं. तिचं डोकं हातात घेतलं आणि बघता बघता मला राग आला. केस कापल्याचा नव्हे, कामाचा. एक एक बट घेऊन बघितली. टोकं कापलेली नव्हती, चघळलेली होती. मुडपलेली, फाटलेली, जणू दातानं तोडली.

"हे कोनी केलं?"

"मी." पहिल्यांदा बोलली. "आरशात बघून. दोघींचे मीच कापले. नीताचा ह्यात काही संबंध नाही."

नीतानं काय केलं हे मी विचारलंच नव्हतं. तिनं अंजलीचे पाय धरले, एवढंच निघालं होतं.

"कोणत्या हातानं?"

"उजव्या. मी उजव्याच हातानं कापते, तुला माहीत आहे."

"माहीत हाये," मी म्हणलं, आणि प्रभूला हाक मारली. "पाय धुऊन झाले असतील तं एक मेंढरू आण. ते कपाळावर पांढरं टिकलं वालं."

प्रभू म्हणाला, "माय, आता ह्या वक्ताला मेंढरू कशाला?"

"आण."

त्यानं आणलं, पाडलं, पाय बांधले. मी खिळ्यावरची कातर काढली आणि रागिणीच्या उजव्या हातात दिली.

"आता ह्या मेंढराला बराबर तुह्या डोक्यासारखं कातर. अशाच पायऱ्या, असंच चघळलेलं. तसं जमलं तं मी मानीन तूच कापले. मग तुहा बाप म्हणतो तसं होईल, मी मधी पडणार न्हाई."

शिला म्हणाली, "हे काय चाललंय?"

"बगत ऱ्हा. फुकट हाये."

रागिणीनं कातर धरली. मेंढराच्या मानेला लावली. तिनं खरंच प्रयत्न केला, हे मला सांगायलाच पाहिजे. पातं मुद्दाम वाकडं धरलं. पण मेंढरू हललं, तसा तिचा डावा तळहात आपोआप कातडी ताणायला पुढं गेला, गुडघा मेंढराच्या खांद्याला लागला, आणि कातर आपली चालायला लागली. करकर, करकर. मानेपासून मागं लोकर सुटत गेली, पांढरी, एका अंगानं. ती थांबली, परत वाकडं धरलं, परत दोन कापांत हात सरळ झाला. तिला वाईट कापता येईना. ओठ चावून चावून प्रयत्न करत होती आणि कातरण सुरेख होत होती. शेवटी तिनं कातर खाली ठेवली आणि रडायला लागली.

"ही कातर उजव्या हाताची असती," मी शिलाला सांगितलं, कारण खताच्या दुकानात हे कळायचं काही कारण नाही. "डाव्या हातात धरली की पाती एकमेकींपासून लांब होतात. लोकर मधी शिरती, कापली जात न्हाई, चघळली जाती. ह्या डोक्यावर डाव्या हाताचं काम हाये." मग अंजलीकडं वळले. "तुमच्यात डावखुरं कोन?"

अंजलीनं आधी आईकडं बघितलं, मग रागिणीकडं. रागिणी मान हलवून नको नको म्हणत होती.

"नीता," अंजली म्हणाली.

आणि मग सगळं निघालं. एकदा गाठ सुटली की अशा पोरींना थांबवता येत नाही. कॉलेजात गॅदरिंग होतं. नीता म्हणाली, तिघींनी केस कापायचे आणि त्याचा रील करायचा, आधी वेणी, मग छोटे केस, सगळं कॉलेज बघत राहील. जी कापणार नाही ती घाबरट. पार्लरमध्ये घरी कळेल, म्हणून नीता म्हणाली, रागिणी, तुमच्याकडं मेंढरांची कातर असते ना. मंगळवारी कॉलेज सुटल्यावर अंजलीच्या बापाच्या गोदामामागं तिघी बसल्या. रागिणीनं अंजलीचे कापले. मग नीतानं रागिणीचे कापले. मग रागिणी नीताचे कापणार, तेवढ्यात नीताच्या मम्मीचा फोन आला.

"फोन वाजला व्हता?" मी विचारलं.

अंजलीनं आठवून बघितलं. "वाजला नव्हता," ती म्हणाली. "तिनं नुसता कानाला लावला."

"मग रील?"

"टाकला. तिच्याकडंच होता. ती त्यात नाही. आम्ही दोघीच आहोत." अंजलीनं नाक पुसलं. "खाली लिहिलंय, दोन मेंढ्या."

प्रभू पायरीवर बसला होता. तो उठला आणि परत बसला.

मी रागिणीला विचारलं, "हे तू बगितलं व्हतं?"

"बुधवारीच."

"तरी तिचं नाव घेत न्हवतीस. काहून?"

"नाव सांगितलं असतं तर तिनं सीटवर बसू दिलं नसतं."

"आता बसू देती?"

रागिणी खाली बघायला लागली. स्कार्फ जमिनीवर पडला होता, त्याच्यावर मेंढरू उभं राहायला धडपडत होतं.

"न्हाई," ती म्हणाली. 'नाही' नव्हे, 'न्हाई'. "तिथं दुसरी पोरगी बसती. मी दोन दिसापासून उभी येऊन राहिले."

शिलानं एकदा आपल्या पोरीकडं बघितलं, एकदा माझ्या नातीकडं. मग स्कूटीची चावी उगाच पिशवीत टाकली, परत काढली.

मी पोत्यावर बसले आणि रागिणीला समोर ओढलं. डोकं मांडीवर घेतलं. हात सवयीनं तिच्या पायाकडं गेला, तो मी मागं घेतला. आधी मानेवरचं ते शेपूट काढलं. मग पायऱ्या उतरवत नेल्या. भोकाशेजारी भोकाइतकंच करावं लागलं, दुसरा इलाज नव्हता, त्यामुळे फारच बारीक झाले. पण एकसारखे झाले. अर्धा तास लागला. पंचफुलानं शेवटी खऱ्या गॅसवर चहा ठेवला.

झाल्यावर शिला पुढं आली. म्हणाली, "मावशी, जरा माह्या अंजलीचं पन मागून बगता का? एवढ्या बसल्याच हायेत तं..."

"तिचं माह्या नातीनं कापलं हाये," मी म्हणलं. "त्यात दुरुस्ती न्हाई."

शिलानं चहा घेतला. शेळीच्या दुधाचा होता. तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ती गेल्यावर प्रभू म्हणाला, "माय, ते सगळं ठीक हाये. पन कॉलेजचं मी जे म्हणलं..."

"तू बोललास, आमी ऐकलं. आता मी बोलते." मी कातर पुसली. रागिणी समोर उभी होती, डोक्यावर हात फिरवून बघत होती, जसं दुसऱ्याचं डोकं आहे. तिला म्हणलं:

"हात खाली घे आन् ऐक. केस तुहे व्हते, ते कापले, त्याचं मला काई न्हाई. मेंढराला सहा महिन्यात येतात, तुलाबी येतील. पन कातर न इचारता नेली, त्याची बारा मेंढरं, आईतवारी, एकटीनं. खोटं बोललीस, त्याची आनखी आठ. अंजलीच्या मानेची ओळ चांगली उतरवली, त्यातली चार माफ. सोळा झाली. कॉलेज बंद होनार न्हाई, तुहा बाप काई म्हणू दे, बसचा खर्च त्याचा एकट्याचा न्हाई, माह्या मेंढरांचा हाये. सोमवारी उघड्या डोक्यानं जायचं. पुढच्या दारानं, वाडग्यावरून. बसमधी जागा न्हाई मिळाली तं उभं ऱ्हायचं, पाय दिलेत देवानं. ती नीता इचारील, काहून उभी? तिला सांग, मी माही मान कातरीखाली दिली व्हती, तू तुही दिली न्हाईस, म्हून तुह्यासंगं बसत न्हाई. आन् ही कातर घे. टोक खाली करून टांग."